करकरणाऱ्या फळ्या

नागपुरात लहू रामटेके यांची बायपास झाली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना दोनच गोष्टी बजावल्या. तंबाखू सोडायची आणि रोज चाळीस मिनिटं चालायचं. तंबाखू त्यांनी त्याच दिवशी सोडली. चालण्याची अडचण पुढे अमेरिकेत आली.

ऑक्टोबरात ते आणि कांताबाई शॉमबर्गला लेकीकडे राहायला आले. घरामागे छोटं तळं होतं, तळ्याभोवती पायवाट होती. महिनाभर लहूजींनी मजेत चकरा मारल्या. मग बर्फ पडला, वितळला, पुन्हा गोठला आणि पायवाट काचेसारखी गुळगुळीत झाली. लेक जागृती फिजिओथेरपिस्ट होती. तिने फर्मान काढलं, "बाबा, आता एप्रिलपर्यंत बाहेर पाय ठेवायचा नाही. घसरून हाडं मोडलेले लोक मी रोज बघते. घरातच फेऱ्या मारा."

घर एकमजली, साठेक वर्षांचं. त्याची जमीन मातीवर टेकलेली नव्हती. खाली कंबरभर उंचीची पोकळी, पोकळीवर लाकडी तुळया आणि तुळयांवर ओकच्या फळ्या. फळ्यांखालून प्लॅस्टिकच्या नळ्या फिरवलेल्या होत्या आणि हिवाळाभर त्यांतून गरम पाणी खेळायचं. बाहेर पारा शून्याच्या खाली पंधरा असला तरी आत अनवाणी चालता यायचं. नागपूरचा उन्हाळा भोगलेल्या कांताबाईंनाही ती पायाखालची ऊब फार आवडली होती. वाईट एवढंच की फळ्या करकरायच्या. पाऊल टाकलं की कर्र, उचललं की किच्च.

हॉलला लागूनच जावयाची खोली होती. सिद्धेश ठाण्याचा, एका सॉफ्टवेअर कंपनीत, आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायचा. स्वभावाने मोजकं बोलणारा. लहूजींना तो आवडायचा, पण त्याच्यासमोर ते थोडे अवघडूनच असायचे. लेकीचं घर, जावयाचं घर. तिथे आपला आवाज किती करायचा हे ज्याचं त्याने ओळखावं, असं त्यांना वाटायचं. त्याला ते कधी 'अहो' सोडून हाक मारत नसत.

जानेवारीतल्या एका सकाळी त्यांच्या फेऱ्या चालू होत्या. सिद्धेशचं दार अर्धवट उघडं होतं. आतून लॅपटॉपवरच्या कुणा बाईचा आवाज आला, तिने काहीतरी विचारलं. सिद्धेश म्हणाला, "सॉरी अबाउट द नॉइज. माय फादर-इन-लॉ..." पुढचं लहूजींना कळलं नाही. मग दोघं हसले, एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

लहूजी होते तिथेच थांबले. मग पाय न वाजवता, भिंतीच्या कडेकडेने, आपल्या खोलीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुडघे दुखत असल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. जागृतीने गुडघे दाबून पाहिले, वाकवून पाहिले. "बाबा, गुडघ्यांत तर काही नाही."

"थंडीचं होतं बेटा. जाईल."

तीन आठवडे गेले. लहूजी खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे, जेवायला उठायचे, पुन्हा बसायचे. पायांवर जरा सूज दिसायला लागली. कांताबाई बघत होत्या. "काहून असे बसून राहिले तुम्ही?" असं त्यांनी चारदा विचारलं, चारही वेळा त्यांना गुडघेच ऐकायला मिळाले.

लहूजी मात्र खुर्चीत नुसते बसले नव्हते. त्यांची सारी नोकरी नागपुरात रेल्वेच्या कारखान्यात सुतारकामात गेली होती. छत्तीस वर्षं त्यांनी डब्यांची बाकं, दारं, फळ्या दुरुस्त केल्या होत्या. सुतारकी काही त्यांच्या घरात चालत आलेली नव्हती. सतराव्या वर्षी अप्रेंटिस म्हणून लागले आणि प्रल्हाद मिस्त्रींच्या हाताखाली रंधा धरायला शिकले. लाकूड का बोंबलतं हे त्यांना ठाऊक होतं. खिळा ढिला झाला की फळी त्याच्यावर वरखाली सरकते आणि ओरडते. फळी तुळईला आवळून धरली की गप्प बसते. मग ज्या घरात दोन घास खातो, त्या घराची एवढी सेवा आपण का करू नये?

एका गुरुवारी संधी मिळाली. सिद्धेश ऑफिसला गेला, जागृती क्लिनिकला, आणि कांताबाईंना त्यांच्या इथल्या मैत्रीण शोभाताई दुपारच्या जेवणाला घेऊन गेल्या. लहूजींनी गॅरेजमधून ड्रिल आणि स्क्रूंचा डबा आणला. हॉलमधला गालिचा गुंडाळला. सिद्धेशने एकदा बोलता बोलता सांगितलं होतं की नळ्या दोन तुळयांच्या मधल्या जागेतून गेल्यात. म्हणजे बरोबर तुळईवर स्क्रू मारला तर धोका नाही. त्यांनी गुडघे टेकले, बोटाच्या पेरांनी ठोकत गेले. पोकळ, पोकळ, भरीव. भरीव जागी पेन्सिलीने खूण केली. पहिला स्क्रू गेला. त्या जागी पाय ठेवून पाहिला, फळी गप्प. दुसरा गेला. वर भोक दिसू नये म्हणून भुसा आणि गोंद कालवून ठेवला होता. असे अकरा स्क्रू झाले. लहूजींना किती दिवसांनी बरं वाटत होतं! हात तेच होते, काम तेच होतं.

बारावा स्क्रू अर्ध्यावर एकाएकी हलका झाला. लाकडात जाताना स्क्रू असा हलका होत नाही. त्यांनी ड्रिल उलटं फिरवून तो बाहेर काढला आणि भोकातून सुतासारखी पाण्याची धार उडाली. कोमट पाणी. त्यांनी अंगठा दाबून धरला. खाली पोकळीत पाणी टपटपत असल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या हाताने खिशातला फोन काढला. सिद्धेशने लगेच उचलला.

"अरे सिद्धेश, ये रे लवकर! पाणी निघालं! मी नळी फोडली तुझी!"

पलीकडून सिद्धेशने विचारलं, "बाबा, तुम्हाला भाजलं नाही ना?"

"मला काही नाही झालं. घरात पाणी..."

"छातीत धडधडतंय? चक्कर वगैरे?"

"नाही रे."

"मग काही घाई नाही. स्क्रू परत तिथेच बसवा, म्हणजे धार कमी होईल. हळू उठा. गॅरेजमध्ये बॉयलरजवळ लाल मुठीचा वाल्व आहे, तो आडवा करायचा. मी फोनवरच आहे, ठेवू नका."

लहूजींनी सांगितलं तसं केलं. वाल्व आडवा झाला, बॉयलर बंद झाला. अर्ध्या तासात सिद्धेश घरी पोहोचला तेव्हा सासरे हॉलमध्ये बसून आपल्या टॉवेलने फळ्या पुसत होते. त्याने बूट काढले, स्वयंपाकघरातून आणखी दोन टॉवेल आणले आणि तोही शेजारी बसून पुसायला लागला. काय केलं, कशाला केलं, त्याने काहीच विचारलं नाही. लहूजींना वाटलं, याने दोन शब्द रागाने बोलले असते तर बरं झालं असतं.

ते काम संध्याकाळी जागृतीने केलं. घर गारठत चाललं होतं, कांताबाई शाल पांघरून सोफ्यावर बसल्या होत्या.

"बाबा, विचारायचं तरी एकदा! बायपास झालीय तुमची. जमिनीवर ओणवं होऊन ड्रिल चालवता? एकटे? काही झालं असतं म्हणजे?"

"मला वाटलं, आवाज बंद होईल."

"कोणाला त्रास होता त्या आवाजाचा?"

लहूजींची नजर सिद्धेशच्या खोलीच्या दाराकडे गेली. कांताबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे गुडघे-बिडघे काही नाही! या आवाजापायी तुम्ही चालणं सोडलं होय?"

मग सांगावंच लागलं. मान खाली घालून लहूजींनी सगळं सांगितलं. अर्धवट उघडं दार, सॉरी, हसणं. "तुमच्या कामात व्यत्यय नको म्हणून," ते सिद्धेशकडे न बघता म्हणाले.

सिद्धेशचा चेहरा कावराबावरा झाला. "बाबा, त्या दिवशी कॉलवर नैना होती, आमच्या टीममधली. तिने विचारलं हा कसला आवाज. मी म्हटलं, सॉरी, माझे सासरे चालतायत, डॉक्टरांनी सांगितलंय. तर ती म्हणाली, इंदूरला माझी आई अशीच डायनिंग टेबलाभोवती फिरते आणि मध्ये आलेल्या प्रत्येकाला धक्का मारते. त्यावर हसलो आम्ही." तो थांबला. एवढं सलग बोलायची त्याला सवय नव्हती. "तुमच्या फेऱ्या बंद झाल्या तेव्हा मीच जागृतीला विचारलं, बाबांचं काही बिनसलंय का. मला वाटलं, माझंच काही चुकलं."

"खरंच विचारलं होतं त्याने," जागृती म्हणाली. तिचा राग आता बराच उतरला होता. "दोनदा विचारलं."

तीन आठवडे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना सासरे-जावई बसले होते आणि दोघंही आपलीच चूक शोधत होते.

रात्रीपुरती सोय लगेच झाली. शोभाताईंचे यजमान एकनाथ गाडीत चार विजेचे हीटर घालून घेऊन आले, सोबत शोभाताईंनी दिलेला डाळभाजीचा मोठा डबा. "जय भीम, लहूभाऊ. आमच्याकडे आलात तरी चालेल, पण जागृती म्हणते इथेच राहतो. मग थंडी आमची, हीटर तुमचे," असं काहीतरी उलटसुलट बोलून ते हसले. लाकडी जमिनीचं काम करणारा एक भरवशाचा माणूसही त्यांनीच सुचवला.

तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मारेक, साठीच्या आसपासचा, तीस वर्षांपूर्वी पोलंडहून आलेला. इंग्रजी तो सावकाश, सुटे सुटे शब्द टाकत बोलायचा आणि म्हणूनच लहूजींना ते नीट कळायचं. तो टॉर्च घेऊन पोकळीत उतरला आणि अर्ध्या तासाने केसांत जाळी-जळमटं घेऊन वर आला. लहूजी भिंतीशी उभे होते, निकाल ऐकायला उभं राहावं तसे.

मारेकने सगळ्यांना फोनवरचे फोटो दाखवले. "हा स्क्रू कोणी मारला?"

"मी," लहूजी म्हणाले.

"बरोबर तुळईच्या मधोमध आहे. बाराही. मीही याहून सरळ मारले नसते." मग त्याने पुढचा फोटो काढला. "चूक इथे आहे."

फोटोत तुळईच्या माथ्यावर खोल खाच पाडलेली दिसत होती आणि त्या खाचेतून नळी आडवी गेली होती. आधीच्या मालकाच्या काळात कोणीतरी हे काम केलं होतं. तुळईच्या पोटात, मधोमध, गोल भोक पाडून नळी न्यायची, तर त्याने वेळ वाचवायला वरूनच लाकूड तासून काढलं होतं. एका तुळईत नाही, जवळजवळ सगळ्यांत. त्यात उष्णतेने लाकूड सुकत गेलं, खाचांपाशी तुळया वाकत गेल्या, खिळे ढिले पडले.

"करकर त्याचीच," मारेक म्हणाला. "दोन तुळयांना चीरही गेलीय. या खोलीत कधी पुष्कळ माणसं एकत्र आली होती का?"

जागृती आणि सिद्धेशने एकमेकांकडे पाहिलं. डिसेंबरच्या सहा तारखेला याच हॉलमध्ये पस्तीस माणसं अभिवादनाला जमली होती. लहान मुलंही होती.

"नशीब चांगलं," मारेक म्हणाला. "ही जमीन वर्षा-दोन वर्षांत बसली असती. कोणी बघितलंच नसतं." लहूजींकडे वळून तो पुढे म्हणाला, "तुमच्या स्क्रूमुळे बघितलं. पण एक सांगू, सर? दुसऱ्याने बांधलेल्या जमिनीत काही मारण्याआधी खाली जाऊन बघायचं. मीही एकदा असाच न बघता विजेच्या वायरीत खिळा मारलाय. भिंतीपर्यंत उडालो होतो."

लहूजींनी मान डोलावली. शाबासकी आणि समज, दोन्ही एकाच माणसाकडून मिळाली होती आणि दोन्ही खऱ्या होत्या. त्यांचं मन जरा थाऱ्यावर आलं.

ठरलं की हॉलची जमीन पूर्ण उचकटायची. त्याआधी मारेकने विचारलं, आवाज नेमका कुठे कुठे येतो? जागृतीने तीन जागा दाखवल्या. सिद्धेशने आणखी एक दाखवली. लहूजी म्हणाले, "मी सांगतो," आणि चपला काढून चालायला लागले. तीन आठवड्यांनंतरची ती पहिली फेरी. जिथे फळी बोलायची तिथे ते थांबायचे आणि मारेक खाली निळी चिकटपट्टी लावायचा. खिडकीपाशी, खांबापाशी, दारात दोन, पुस्तकांच्या कपाटासमोर. एकोणीस पट्ट्या झाल्या. फळ्या निघाल्या तेव्हा एकोणीसपैकी सोळा पट्ट्यांखाली खाच निघाली, उरलेल्या तिन्हींखाली नुसते ढिले खिळे. मारेकने आपल्या दोन्ही कामगारांना बोलावून ते दाखवलं.

काम नऊ दिवस चाललं. मागच्या दोन खोल्यांत सगळे हीटर लावून राहिले. सिद्धेश स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून काम करायचा आणि कांताबाई त्याच्या कोपराजवळ चहा ठेवायच्या. हॉलच्या दारात लहूजींची खुर्ची होती. हत्यार त्यांच्या हाती देता येणार नाही, विम्याचा नियम आहे, हे मारेकने पहिल्याच दिवशी दिलगिरीने सांगितलं. बघायला मनाई नव्हती. प्रत्येक अधू तुळईला शेजारी नवी तुळई बोल्टने जोडली गेली. माथ्यावर सरसाची जाड रेघ ओढून वर प्लायवूड बसलं, वीतभर अंतरावर स्क्रू. त्यावर खोबणीचे पत्रे आणि खोबणीत नव्या नळ्या, एकही वेडीवाकडी नाही. नळ्या भरून दाब दिला आणि मारेक घड्याळासारखा मीटर लावून घरी गेला. चोवीस तासांत काटा हलला नाही, तेव्हाच त्याने पुढच्या कामाला हात घातला. नव्या फळ्यांची खोकी त्याने पहिल्याच दिवशी घरात आणून ठेवली होती.

"घराची हवा लागायला," लहूजी म्हणाले.

"तुमच्याकडेही करतात?"

"सागवान आम्ही वर्षवर्ष ठेवायचो. घाई केली की नंतर ते सूड घेतं."

मारेकला ते फार आवडलं. त्याने ते आपल्या भाषेत कामगारांना सांगितलं.

शेवटच्या दिवशी शेवटच्या काही फळ्या राहिल्या होत्या. मारेकने एक उलटी करून तिच्या पाठीवर पेन्सिलीने आपलं नाव आणि तारीख लिहिली. प्रत्येक घरात तो असं करतो म्हणाला. दोघा कामगारांनी सह्या केल्या. मग त्याने पेन्सिल लहूजींपुढे धरली. "पेन्सिल हत्यार नाही," तो म्हणाला.

लहूजींनी छत्तीस वर्षांत किती डबे दुरुस्त करून रुळावर पाठवले याचा हिशेब नव्हता. डब्यावर कारखान्याचं नाव आणि तारीख असायची, माणसांची नावं कधी नसायची. त्यांनी फळी मांडीवर घेतली आणि देवनागरीत सावकाश लिहिलं, 'लहू रामटेके, कारपेंटर, नागपूर.' मग थोडा विचार करून शेजारी सिद्धेशचं आणि जागृतीचं नाव लिहिलं. "आणि माझं?" मागून कांताबाई म्हणाल्या, तेव्हा त्यांचंही. फळी जागेवर बसली आणि नावं खाली गेली.

संध्याकाळी बॉयलर सुरू झाला. ऊब यायला दोन-तीन तास लागतील, असं मारेकने सांगितलं होतं. लहूजींना दम निघेना. ते दर दहा मिनिटांनी तळपाय टेकवून बघत होते.

सिद्धेश बाजूला येऊन उभा राहिला. लहूजींना त्याच्याशी बोलायचं होतं, पण घरातल्या माणसाचे आभार मानतात कसे ते त्यांना माहीत नव्हतं. आयुष्यात तशी वेळच आली नव्हती.

"त्या दिवशी फोनवर," ते म्हणाले, "मी तुम्हाला अरे-तुरे केलं. घाबरलो होतो."

"मला ते बरं वाटलं, बाबा. तेच राहू द्या."

लहूजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू आधी माझं विचारलंस. जमिनीचं नंतर." सिद्धेशने खांद्यावरच्या त्या हातावर आपला हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

त्या रविवारी त्यांनी मारेकला आणि त्याच्या बायकोला जेवायला बोलावलं. एकनाथ आणि शोभाताई होतेच. कांताबाईंनी वडाभात आणि पाटोडीचा रस्सा केला. मारेकने तिखटाने डोळे पुसत पुसत दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. जेवणं झाल्यावर कोणाला सोफ्यावर बसावंसं वाटेना. शोभाताईंनी आधी भिंतीला पाठ टेकली, मग सगळेच उबदार फळ्यांवर पसरले. जागृतीने मटारच्या शेंगांची पिशवी मध्ये ओतली आणि गप्पा मारत सगळे शेंगा सोलायला लागले. मारेकची बायको सर्वांत भरभर सोलत होती. मारेक तर उताणा होऊन चक्क घोरत होता.

लहूजी उठले. बसलेल्या माणसांना वळसा घालत त्यांनी चालायला सुरुवात केली. खिडकीपाशी, खांबापाशी, दारातून परत. कोणीही मान वर करून पाहिलं नाही, इतकं पाऊल मुकं पडत होतं. बाहेर पुन्हा बर्फ भुरभुरत होता.

"किती झाल्या?" कांताबाईंनी शेंग सोलता सोलता विचारलं.

"मोजल्या नाहीत," लहूजी म्हणाले आणि मारेकच्या पायांवरून जपून पाऊल टाकत पुढे गेले.